नान्नजला, अर्धा दिवस

मागाचा शाफ्ट तुटला म्हणून
नायनाला दोन दिवस मोकळे मिळाले.
मी शेजारच्या शाळेतल्या सरांची दुर्बीण मागून आणली.
फडक्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि विडी घरकुलातून पहाटे निघालो स्कूटीवर.
मागे तो. मांडीवर पिशवी,
दोन्ही कानांत कापूस, सवयीनं.

बार्शी रोडला ऊस संपतो,
द्राक्षांचे मांडव संपतात,
मग एकदम काहीच नाही.
त्या काहीच-नाहीला माळ म्हणतात.
"इथं काय बघायचं?" नायना ओरडला.
तो ओरडूनच बोलतो.
बत्तीस वर्षं टॉवेलच्या मागांमध्ये उभा आहे.

वनरक्षकाचं नाव सुग्रीव.
त्यानं वही पुढे केली, मी लिहिलं:
मल्लेशम म्याकल, अधिक एक.
येण्याचा उद्देश: पक्षी.

लपणाच्या फटीतून गवत दिसत होतं,
पिवळं, दवानं जड झालेलं.
एक भोवत्या त्यावरून सरकत गेला,
हिमालयापलीकडून आलाय, सुग्रीव म्हणाला,
काही हरवल्यासारखा शोधतो बघा.
धाविक पळाले, थांबले, पळाले.
मग चंडोल उठला सरळ वर,
उभ्या दोऱ्यासारखा,
आणि सगळा माळ त्याच्या आवाजानं भरला.

नायनानं दुर्बीण लावली.
"चोच हलतेय," तो म्हणाला. "म्हणतोय काय?"

मागांच्या खडखडाटात तो ओठ वाचतो.
जॉबरची शिवी त्याला वीस फुटांवरून कळते,
चहा आला, बॉबिन संपलं, कोण वारलं,
सगळं ओठांवरून.
पण चोचीला ओठ नसतात.

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी
कागदावर एक रेघ दाखवली होती, उतारावरून घसरलेली.
बारीक आवाज गेलेत, म्हणाल्या,
जाड तेवढे उरलेत.
गेले: कुकरची शिट्टी, बांगड्या,
चंडोल, माझ्या मुलीची हाक.
उरले: ट्रक, ढग,
गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँमधली मोटारसायकल.
ती ऐकायला तो दर जानेवारीत तिकीट काढतो.
आम्हाला वाटायचं, बघायला जातो.

"माळढोक?" मी सुग्रीवला हळूच विचारलं.
तो हसला नाही.
"माझा बाप इथं राखणीला होता तेव्हा मोजायचे.
आता एखादी मादी. आली तर आली.
नर असता तर तुम्हाला आधी ऐकू आला असता.
गळ्याची पिशवी फुगवून घुमायचा,
बारीक नाही हो, जाड आवाज,
छातीत वाजायचा."

आणि कसा ते दाखवायला
त्यानं पाण्याचा रिकामा कॅन उचलला,
तोंडाला ओठ लावून फुंकला.

हूऽऽम.

नायनाची पाठ आमच्याकडे होती.
तो वळला नाही.
दुर्बीण खाली आली फक्त,
मान जराशी पुढे,
गवताकडे.
"कुठंय?" त्यानं विचारलं,
इतक्या हळू
की तो माझ्या बापाचा आवाज आहे
हे मला उशिरा कळलं.

सुग्रीवनं कॅन पाठीमागे धरला.
माझ्याकडे बघितलं.
मी काय करायला हवं होतं?
मी बोटानं दाखवलं,
दूर, बाभळीच्या पलीकडे,
जिथं नुसतं गवत हलत होतं.

भाकरी खाल्ली. चटणीत मीठ जास्त पडलेलं.
सुग्रीवनं दोनदा मागून घेतली, तरी.
त्या वेळात तो कॅनकडे एकदाही गेला नाही,
तहान लागली तर नायनाच्या बाटलीतलं प्यायला.

निघताना वहीत सही.
'काय दिसले' असा शेवटी एक रकाना असतो.
नायनानं माझ्या हातातलं पेन घेतलं,
कानातला कापूस काढून खिशात ठेवला,
आणि वाकून, वेळ घेऊन,
तेलुगूत एक ओळ लिहिली.

सुग्रीवला तेलुगू येत नाही.
मला बोलता येतं,
वाचता नाही.